नंदूचा लंडनचा बँड

दिल्लीत चार मराठी माणसं जमली की मंडळ निघतं, आणि मंडळात एखादा लंडन-रिटर्न असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आमच्याकडे नंदू होता. बास!

नंदू दीड वर्ष लंडनला काकांकडे राहून आला. तिथे म्हणे तो एका ब्रिटिश डिस्को-फंक बँडमध्ये होता. बँड आठ महिने चालला, एक रेकॉर्ड निघाली आणि बँड मोडला.

"का रे मोडला?"

"सगळेच लीड सिंगर होते, यार!"

एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ पहाडगंजच्या शाळेत आमच्या गणपतीच्या ऑर्केस्ट्राचा लीडर झाला. आम्ही सगळे सरकारी कारकून. कोणीही साहेबी थाटात बोललं की आम्ही उठून उभे!

*

मी नऊ वर्षं ढोलकी वाजवत होतो. नंदूने मिनिटभर ऐकलं. "तुझ्यात फंक नाही!" ढोलकी काढून घेतली आणि हातात खुळखुळा दिला.

घरी येऊन बायकोला विचारलं, "माझ्यात फंक नाही का गं?"

ती मेथी निवडत होती. "नसेल," म्हणाली.

मला ते फार लागलं.

*

ठेका नंदू स्वतः टाळ्या वाजवून द्यायचा, आणि दर वेळी अर्धी मात्रा मागे! पेटीवाले सबनीसकाका वैतागायचे. "अरे, उशिरा पडतेय तुझी टाळी."

"बिल्कुल नाही, काका! लंडनमध्ये असंच असतं."

*

एकदा त्याने बँडचा फोटो आणला. चमकते शर्ट घातलेले पाच गोरे, आणि कडेला एक कोपर.

"हा मी!"

सबनीसकाकांनी चष्मा लावला. "उजवं की डावं?"

*

शेवटी मी मेव्हण्याचा रेकॉर्ड प्लेअर नोएडाहून बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. नंदूला सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझी रेकॉर्ड ऐकव, नाहीतर माझी ढोलकी परत दे."

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच आणली! सुई टेकली. गिटार, ड्रम, चार-पाच जणांचा आरडाओरडा. नंदूचा पत्ता नाही.

"थांबा," तो म्हणाला. "पुढे टाळ्या आहेत. त्यात मी आहे."

टाळ्या आल्या. सगळ्यांच्या एकदम पडल्या. आणि त्यांच्यामागून, अर्धी मात्रा उशिरा, एक एकटीच.

सबनीसकाकांनी चष्मा काढला. "याचीच आहे."

मी ढोलकी उचलली. नंदूचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते.

"बघा! मी म्हणत नव्हतो?"