विहिरीत तपासलेला संकटसूचक रेडिओ

नौकाविहार मंडळाच्या सभासदहो, रत्नागिरीहून मालवणला शिडाच्या होडीने जाण्यासाठी मागवलेला संकटसूचक रेडिओ आज सकाळी मी पलूसला, एका निवृत्त सुभेदारांच्या विहिरीत तपासला.

रेडिओबरोबर आलेली दोन जीवरक्षक जाकिटे मी तिथेच नाकारली. शिवण निकृष्ट होती. रेडिओ मात्र तासभर पाण्यात राहूनही आतून कोरडा निघाला. मी प्रसन्न होतो.

काठावरून सुभेदारांच्या पत्नीने विचारले, "आवं भाऊजी, ह्येची हाक ऐकतं कोन?"

"वरून जाणारे विमान."

"आन् त्ये गेलंच न्हाई तर?"

सुभेदार हसले. "द्या उत्तर, प्रोफेसर! हिच्याफुडं आमी कवाच हात टेकलं."

त्या म्हणाल्या, "ह्ये सरहद्दीवर हुतं तवा पंधरा दिसाला पत्र यायचं. सोळावा दिस उजाडला की मी सांगलीला सैनिकांच्या कचेरीत जाऊन बसायची."

बॅटरी, पल्ला, वजन, सारे मी पारखले होते. समुद्रात जाणाऱ्या आपल्या चौघांची किनाऱ्यावर वाट पाहणारा माणूस मात्र ठरवलाच नव्हता. ठरल्या वेळी होडी दिसली नाही, तर कोणी न सांगता बंदरावर ट्रंककॉल लावील, असा एक जण हवा.

यंत्र पारखता येते. असा माणूस कसा पारखावा? तुम्ही कोणाला निवडाल?