बनाक्काचा भंडारा

बनाक्का कशालाही भंडारा लावायची. गावात पहिल्यांदा एसटी आली तेव्हा तिने ड्रायव्हरला खाली उतरवलं, त्याच्या कपाळाला हळद फासली, मग गाडीच्या तोंडाला आणि दोन्ही दिव्यांना. मी ट्रान्झिस्टर घेतला त्या दिवशी त्याच्या काचेवर तिचं पिवळं बोट उमटलं. पुसायला गेलो तर माझ्यावरच ओरडली. बिरोबाच्या देवळातली ती हळद तिच्या कमरेच्या पिशवीत सदा असे. ‘‘ह्ये आपलं हाय, ह्ये देवाला कळाय नगं व्हय?’’ असं तिचं म्हणणं.

तासगावच्या पूर्वेला, पावसाने कायम पाठ फिरवलेल्या त्या गावात मी मास्तर म्हणून गेलो आणि तिच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. तिचा नवरा मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने कृष्णाकाठाला असायचा. त्यामुळे तिच्या बोलण्याचा सगळा मारा माझ्यावर आणि बिरोबावर. देवाशी ती भांडायचीसुद्धा. शाळा तपासायला साहेब आले तेव्हा ही न बोलावता वर्गात शिरली आणि सुटाबुटातल्या साहेबांचं कपाळ पिवळं करून निघून गेली. मी घामाघूम झालो होतो. संध्याकाळी म्हणाली, ‘‘पन सायेब मऊ पडलं का न्हाई? मग!’’

दुष्काळ सरल्यावर विधानसभेची निवडणूक आली आणि शेजारच्या गावचे अप्पा अपक्ष उभे राहिले. त्यांचं चिन्ह होतं शिडी. दुष्काळात गावाला खडी फोडायचं काम आणि मेंढरांना चारा त्यांनीच भांडून मिळवून दिला होता. आता निवडून आलो तर ओढ्यावर तलाव बांधून घेतो, असा त्यांनी शब्द दिला. बनाक्का दोन घागरी डोक्यावर घेऊन लांबच्या विहिरीवरून पाणी आणायची. तलाव तिला नुसत्या शब्दानेच भरलेला दिसू लागला. तिने देवळात कौल लावला. पुजाऱ्याने देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली आणि उजवं फूल आधी पडलं. उजवा कौल म्हणजे देवाचा होकार. ‘‘आवं मास्तर, बिरोबानं उजवा दिला. आता कोन पाडतंय अप्पास्नी?’’

मला मतदानाचं काम दुसऱ्या गावी लागलं होतं आणि नंतर मतमोजणीचं तालुक्याला. सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून आमच्या टेबलांवर आल्या. त्यातली एक उघडली आणि माझा हात थांबला. शिडीसमोर शिक्का व्यवस्थित होता, पण शिडीवर पिवळं बोट ओढलेलं. घडी घातल्याने हळद शेजारच्या चिन्हांनाही लागली होती. मग तशीच दुसरी आली, तिसरी आली. बनाक्काने आमच्या वस्तीतल्या झाडून सगळ्या बायकांच्या पदराला भंडाऱ्याची पुडी बांधून दिली असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मतमोजणीच्या साहेबांनी चष्मा वर केला. ‘‘शिक्क्याखेरीज दुसरी खूण आहे. बाद.’’ मी सरकारी नोकर. पिवळ्या मतपत्रिका बाद मतांत ठेवत गेलो. दुसरं काय करणार होतो?

अप्पा पडले. घरी आलो तर बनाक्का उंबऱ्यात बसलेली. मला पाणीही विचारलं नाही. ‘‘उजवा दिला व्हता वो त्येनं,’’ एवढंच म्हणाली. पुढे कित्येक दिवस ती देवळात गेली नाही. मग स्वतःच स्वतःची समजूत काढली आणि दुप्पट भक्तीने जायला लागली. पिवळ्या मतपत्रिकांचं मी बोललो नाही. तिला सांगून तलाव थोडाच होणार होता?

पण जिल्हा परिषदेची निवडणूक आली आणि मला सांगणं भाग पडलं. बनाक्का जात्यावर हळकुंडं दळत होती. तिला विचारलं, एवढी हळद कशाला? ‘‘गेल्या खेपंला भंडारा कमी पडला, मास्तर. म्याच हात आखडला. आवंदा लय करनार हाय, समद्या बायकांस्नी पुरंल आसा.’’

मी तिच्यासमोर बसलो आणि मतमोजणीत पाहिलं ते सगळं सांगितलं. तिचं जातं थांबलं.

‘‘म्हंजी आमची मतं धरलीच न्हाईत?’’

‘‘नाही, अक्का.’’

‘‘देवाचा भंडारा लागला म्हून?’’

‘‘कसलीही खूण चालत नाही. तो नियम आहे.’’

‘‘मग पुसायचं की वो! फडक्यानं पुसून धराय काय झालं व्हतं?’’

मी म्हणालो, ‘‘ती सगळी मतं धरली असती तरी अप्पा पडलेच असते, अक्का. फरक मोठा होता.’’ हे अगदी खरं होतं. पण तिने मान हलवली.

‘‘माझं मन राखाय बोलताय तुमी.’’ जात्याच्या पाळीवरची हळद ती हाताने गोळा करत राहिली. ‘‘पाडायचंच व्हतं, तर त्येनं उजवा कशाला दिला? म्याच पाडावं म्हून?’’

त्या वेळी मला फार वाईट वाटलं.

मतदानाच्या दिवशी तिने राखेने हात घासघासून धुतले आणि केंद्राकडे जाताना दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. ‘‘बगा मास्तर, काय लागलं न्हाई न्हवं?’’ तिच्या कपाळावरही त्या दिवशी भंडारा नव्हता. त्यानंतर ती देवळात जायची, हात जोडायची, पण कुणाला काही लावायची नाही. शेजारच्या घरात बारसं झालं तेव्हा बायकांनी तिला बोलावलं, तर तिने पिशवी सोडून दुसरीच्या हातात दिली.

माझी बदली कोयनानगरला झाली. ती मला पोचवायला एसटीपर्यंत आली आणि माझ्या ट्रंकेपाशी उभी राहिली. पूर्वी मी नुसता तासगावला निघालो तरी ती मला भंडाऱ्याशिवाय सोडत नसे. म्हणून मी आपणहून तिच्यापुढे वाकलो. तिचा हात कमरेच्या पिशवीशी गेला आणि तसाच पदराआड झाला.

‘‘लावा की, अक्का.’’

‘‘नगं, मास्तर. घाटाचा रस्ता हाय,’’ ती म्हणाली. ‘‘माझा हात नगं.’’

मी वाकलेलाच होतो. कंडक्टरने घंटी मारली, तरी तिचा हात पदराबाहेर आला नाही.