येसूबाईच्या भिंतीवरच्या रेघा

तुमच्या घरात पुराचं पाणी कुठवर चढलं, हे सरकारी माणसाला कोण सांगतं? तुम्हीच ना? कडावच्या खालच्या अंगाला नदीकाठी राहणाऱ्या येसूबाईनेही सांगितलं. आता ती स्वतःच्याच घरात अडकून बसलीय.

पाणी ओसरलं की गाळ उपसण्याआधी भिंतीवर गेरूची रेघ ओढायची, बाजूला साल लिहायचं, ही तिच्या सासूची रीत. जुन्या रेघा सगळ्या गुडघ्याखाली. मग पलीकडच्या काठावर फार्महाऊसवाल्याने ट्रकच्या ट्रक भराव टाकला, आणि त्यानंतरची रेघ थेट बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चार बोटं.

पूररेषेची मोजणी करणारे आले तेव्हा शेजारच्या गौराबाईने आपल्या भिंतीवरच्या तसल्याच रेघांवर चुना फासून ठेवला होता. येसूबाई मात्र साहेबाला आत घेऊन गेली, सगळ्यात वरच्या रेघेवर बोट ठेवलं, वर चहाही पाजला. नकाशा आला, तर निळी रेषा दोघींच्याही परसामागून गेलेली. दोन्ही घरं नदीच्या हद्दीत.

"आपल्याच हातानं गळ्यात फास घातलास गं," गौराबाई म्हणाली.

"आन् तुझ्या चुन्यानं काय झालं? बुडताना घर गोरं दिसंल, येवढंच."

हसल्या दोघी. पण पावसाळ्याआधी जोतं तीन फूट उचलायचं, हे येसूबाईने मनाशी धरलं होतं. विम्याचा माणूस साफ बोलला होता, "मावशी, आधी जोतं उचला, मग पुराचा विमा देतो." ती परवानगीला गेली. कारकून नकाशावरून मान न उचलता म्हणाला, "निळ्या रेषेच्या आत जोतं उचलता येत नाही."

"मग इकू घर?"

"घेईल कोण?"

"मग ऱ्हाऊ कशी?"

"राहा की. राहायला कोण नको म्हणतंय?"

तिने भरावाचं सांगितलं, रेघांची सालं घडाघडा म्हणून दाखवली.

"एका भिंतीवरच्या रेघा म्हणजे पुरावा नव्हे, आजी. हरकत असेल तर दहा तारखेला सुनावणी आहे, तिथं मांडा."

येसूबाई घरी आली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी तिने तांदळाचा डबा माळ्यावर चढवला. शेजारी गौराबाई कालपासून विळ्याने भिंतीचा चुना खरवडतेय. खालचा गेरू दिसायला लागलाय.

काठावरच्या माणसांनो, येसूबाईची एक भिंत पुरत नाही. तुमच्या भिंतीवरच्या खुणा पुसू नका. मापाची टेप लावून, सालासकट त्यांचे फोटो काढा, आणि दहा तारखेला तिच्या बाजूला येऊन उभे राहा.