शेवट सांगायचा नाही

पेंडीचा वास आला की मला गाई-म्हशी आठवत नाहीत, अंतराळात भरकटलेलं एक जहाज आठवतं. एका व्हिडिओ गेमवरून निघालेल्या त्या काळ्याकुट्ट कादंबऱ्यांचं वेड आम्हा तिघांना लावलं ते कडावच्या एका दूधवाल्यानं. त्याची पुस्तकं गोठ्यात पेंडीच्या पिंपावर असायची आणि तो वास घेऊनच आमच्याकडे यायची. लेखक असा निर्दय, की त्यानं आजवर कुणाला जिवंत घरी पोचवलं नव्हतं. रविवारी खालापूरच्या स्टँडसमोर चहाला जमायचं, कुठलं पुस्तक आधी वाचावं यावर तावातावानं भांडायचं, पण शेवट सांगायचा नाही, हा आमचा नियम. मालिकेतलं शेवटचं पुस्तक मात्र आधी आमच्या हाती लागलं; तिघांनी वाचून रविवारी ते दूधवाल्याला दिलं. त्यानं ते उन्हात धरलं, डोळ्यांजवळ नेलं आणि टेबलावर ठेवलं. "साखरेनं डोळं नेलं रं माझं. आता वाचनं व्हायचं नाय. सांगा, जहाजावरली पोरगी जगते का?" ती जगत नाही, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. चहा निवत गेला. शेवटी आम्हा तिघांतली शेलूहून येणारी मैत्रीण हळूच म्हणाली, "जगते, दादा. घरी पोचते." तो हसला. "मंग ह्यो लिवनारा दुसराच कोनतरी हाय," म्हणाला, आणि टेबल चाचपत उठला. पुन्हा तो कधी आला नाही. ते पुस्तक आता माझ्या कपाटात आहे. अख्ख्या मालिकेत पेंडीचा वास नसलेलं तेवढं एकच.