वाड्यावर घे

मिरजेच्या डॉक्टरांनी आबांच्या घशात आरसा घालून पाहिलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. "गाठ आवाजाच्या जागीच आहे," ते म्हणाले. "काढावी लागेल. माणूस वाचेल, पण आवाज जाईल." आबांनी विचारलं, "म्हंजी घोगरा हुईल व्हय?" डॉक्टर म्हणाले, "नाही बाबा. राहणारच नाही." आबा "बरं" म्हणाले आणि बंडीचे बंद बांधत बसले.

मला काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? वाटायला पाहिजे होतं, हे कळत होतं. पण डोक्यात चाललं होतं ते एवढंच, की पुढच्या आठवड्यात पुन्हा रजा मागायची तर हेडमास्तरांना काय सांगायचं. दात काढायच्या आधी हिरडीत सुई टोचतात ना, तसं झालं होतं मला. ते बधिरपण उतरायला फार वर्षं लागली. पुरतं उतरलंय असं अजूनही म्हणवत नाही.

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा साताऱ्यात शाळामास्तर होतो. पेठेत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, भिंतीवर घड्याळ, इस्त्रीचा सदरा. वडील, म्हणजे आबा, मात्र माणदेशातले मेंढके. आमच्या घरातला शाळेत टिकलेला पहिला माणूस मी, आणि त्याचा मला केवढा ताठा होता म्हणून सांगू! वर्गात एखाद्या पोरानं "हाय" म्हटलं की मी "आहे" दहादा लिहायला लावायचो. घरी आबा "हाय" म्हणायचे तेव्हा खिडकीबाहेर बघायचो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सोमवारी सकाळी भरती व्हा, मंगळवारी ऑपरेशन. आम्ही साताऱ्याला परतलो. तिसऱ्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, "मास्तर, आयतवारी मिरजंत उरूस हाय. एक दिस आधी जाऊ."

त्या उरसात दर्ग्याच्या आवारात मोठमोठे गवई येऊन गायचे. गाणं सगळ्यांना खुलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमची मेंढरं कृष्णाकाठच्या रानांत बसवलेली असायची. शेतकऱ्याला खत मिळायचं आणि आम्हाला दाणे. मिरजेच्या आसपास असलं की आबा उरूस चुकवायचे नाहीत. अगदी मागं, चपलांच्या ढिगाजवळ घोंगडं टाकून बसायचे. रागबिग त्यांना कळत नव्हते. पण परत आल्यावर ओवी म्हणताना मध्येच एखादी गवयाची लकेर घ्यायचे आणि सगळे हसायचे.

धनगरी ओवी एकट्यानं म्हणता येत नाही. एकजण ओळ टाकतो, बाकीचे तिचं शेपूट धरून ती लांबवतात, त्याला झील धरणं म्हणतात. झील आली की पहिल्याला दम घ्यायला सवड मिळते आणि पुढची ओळ सुचते. ऐकणाऱ्यानं झील धरायचीच, नाही धरली तर तो म्हणणाऱ्याचा अपमान. हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं.

"उतरायचं कुठं?" दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी विचारलं.

"कुठं म्हंजी? वाड्यावर. तुझ्या चुलत्याचा वाडा म्हैसाळच्या वाटंला बसलाय. गाणं ऐकायचं आन् रातच्याला वाड्यावर यायचं. समदी हायती तितं, सांगावा धाडतो त्यास्नी. मग हाय की दवाखाना."

इथं एक सांगायला हवं. साताऱ्यात वाडा म्हणजे चौकाचं, दिंडी-दरवाजाचं मोठं घर. आमच्यात तसं नाही. मेंढरं, दोन घोडी, कुत्री, बायकापोरं आणि चार काठ्यांवर टाकलेलं घोंगडं, हे सगळं मिळून रात्री ज्या रानात थांबतं तो आमचा वाडा. आज इथं, परवा तिथं. भिंत एकसुद्धा नसते.

मी म्हणालो, "आबा, डॉक्टरांनी धुळीत झोपू नका म्हणून सांगितलंय. लॉजवर खोली घेऊ." धुळीचं खरं होतं. पण खरं कारण निराळंच होतं. आमच्या हेडमास्तरांना गाण्याचा षोक. दरवर्षी ते मिरजेला जायचे, आणि रजा मागताना मी उरसाचंही सगळं सांगून बसलो होतो. "वा, मग माझ्या शेजारचीच खोली सांगून ठेवतो!" ते म्हणाले. आता त्यांना काय सांगणार, की माझे वडील मेंढरांत झोपणार आहेत?

आबा म्हणाले, "लाजात न्हाई जायाचं मला." ते लॉजला लाज म्हणायचे. बायको पदर तोंडाला लावून हसली. मी चिडलो. "मिरजेला गेल्यावर बघू," म्हणालो. मास्तर लोकांचं हे ठेवणीतलं वाक्य. पोरानं अवघड काही विचारलं की आम्ही हेच वापरतो.

रविवारी कोरेगावला गाडीत बसलो. आबा सगळी वाट बोलत होते. आवाज घोगरा, फाटलेला, पण थांबेनात. डब्यातल्या अनोळखी बाईला मेंढरांच्या खुरांचा रोग समजावून सांगितला. लोणंदच्या बाजारातला कुठला तरी जुना किस्सा मला दोनदा सांगितला. मी "हूं" म्हणत वर्तमानपत्र वाचत होतो. आता वाटतं, अरे गाढवा, वर्तमानपत्र उद्याही आलं असतं.

मिरज स्टेशनबाहेर टांगे उभे होते. मी तोंड उघडायच्या आत आबा एका टांग्यात चढले आणि म्हणाले, "वाड्यावर घे, गड्या."

"वाड्यावर? बसा की," टांगेवाला म्हणाला आणि त्यानं घोडं हाकललं.

आबा खूश झाले. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघ! टांगंवाल्याला बी ठावं हाय."

मला कळलं होतं. जिथं हेडमास्तरांनी खोली सांगितली होती तो लॉज म्हणजे कुणा इनामदाराचा जुना वाडाच होता. स्टेशनवरचे टांगेवाले त्याला नुसतं 'वाडा' म्हणायचे, हे हेडमास्तरांनीच मला सांगितलं होतं. टांगा म्हैसाळच्या वाटेला न लागता गावात वळला तेव्हाही मी बोलू शकलो असतो. "अहो, तो वाडा नव्हे" एवढंच तर म्हणायचं होतं. मी घोड्याच्या कानांकडं बघत बसलो. मनाशी म्हणालो, मी कुठं खोटं बोललो? मी तर काहीच बोललो नाही.

टांगा दिंडी-दरवाजासमोर थांबला. आबांनी मान वर करून दरवाजा पाहिला, आतली फरशी पाहिली, टेबलामागे वही घेऊन बसलेला मॅनेजर पाहिला.

"ह्यो कुणाचा वाडा रं?"

"हाच तो. उतरा आबा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले, इतकं की ठसका लागला आणि टांगेवाल्याला पाणी आणावं लागलं. ठसका थांबल्यावर गुमान उतरले. वहाणा दाराबाहेर काढल्या. काठी कुठं ठेवावी ते कळेना, तेव्हा छातीशी धरून आत आले. एकदा तरी हट्ट धरायचा ना! "न्हाई यायचं मला" म्हणून टांग्यात बसून राहिले असते तर मी गेलो असतो म्हैसाळच्या वाटेला, देवाशपथ गेलो असतो. त्यांनी धरला नाही. याचा मला अजून राग येतो, त्यांचा.

संध्याकाळी गाण्याला गेलो. हेडमास्तर पुढं बसले, मला हातानं बोलावलं, मी गेलो. आबा मागं चपलांपाशी. मधून मी वळून पाहायचो. एक म्हातारा गवई गात होता, आणि आबा त्याच्या तोंडाकडं नव्हे, गळ्याकडं बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ह्यो गडी दम कवा घेतो रं? मला गावलंच न्हाई." गाणं रंगात आलेलं असतानाच आम्ही उठलो होतो. लॉजची दिंडी दहाला लागायची. वाड्याला दिंडी नसते, पण ते आता बोलून काय उपयोग?

खोलीत दोन खाटा होत्या. आबा गादीच्या कडेला टेकले, मग उठून घोंगडं फरशीवर पसरलं. मी सदरा खुंटीला अडकवत होतो. पाठीमागं त्यांनी ओवी सुरू केली. देवाला हाक मारायची पहिली ओळ, जी प्रत्येक रात्री आमच्या वाड्यावर पहिली म्हणतात तीच. घोगऱ्या गळ्यातून ती कशीबशी वर चढली, आणि शेवटी त्यांनी संध्याकाळच्या गवयाची लकेर घेतली. बरी साधली. मग ते थांबले.

झील माझ्याकडं होती. खोलीत दुसरं होतं कोण?

पलीकडच्या खोलीत हेडमास्तर खोकले. मी म्हणालो, "आबा, हळू. लॉज आहे हे." हाय नव्हे, आहे.

"व्हय, व्हय," ते म्हणाले आणि आडवे झाले. त्यांना लगेच झोप लागली नाही, हे मला श्वासावरून कळत होतं. मला लागली.

सकाळी हेडमास्तरांनी त्यांना मीठपाण्याच्या गुळण्यांचे फायदे सांगितले. आबांनी हात जोडून ऐकून घेतलं.

दवाखान्याच्या फाटकाशी चुलता उभा होता, फडक्यात भाकरी बांधून. "आवं दादा, कुठं ऱ्हायलासा? रातभर वाट बघितली. झील धराया धा माणसं बसवली हुती. लांबच्या वाड्यावरची बी आली हुती, दादाची ओवी ऐकाया." आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "गाडीला उशीर झाला." आबांनी भाकरी घेतली, भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडीच लेट, काय करतूस?"

आबा त्यानंतर चार वर्षं जगले. डॉक्टर बोलल्याप्रमाणेच झालं. पुन्हा मेंढरांमागं हिंडले, हाक मारायच्या ऐवजी टाळ्या वाजवायचे, कुत्र्यांनाही त्या कळायला लागल्या. चुलत्याच्या वाड्यावर रात्री ओवी लागली की तेही बसायचे. एकदा मी गेलो होतो तेव्हा झील धरली, सगळ्यांच्या आवाजाहून मोठ्यांदा. आबा विस्तवात काटक्या सारत होते. वर बघितलं नाही.

माणसाचं शेवटचं बोलणं मरताना होतं म्हणतात. आमच्या आबांचं मंगळवारी सकाळी साडेआठला, मिरजेच्या दवाखान्यात झालं. ऑपरेशनला न्यायला नर्सबाई आल्या. हसऱ्या होत्या, मिरजेच्याच. ढकलगाडीवर चादर नीट करताना त्यांनी सहज विचारलं, "बाबा, परवा उरसात होता म्हणं? एवढ्या गर्दीत उतरला कुठं?"

आबा छताकडं बघत होते. मान वळवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मी ओळखला असता, लहानपणी पुष्कळ सोसलाय. काय होतं त्या बघण्यात, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

"वाड्यावर," ते म्हणाले.

"अगंबाई! मग काय, चैन झाली की तुमची," बाई म्हणाल्या. त्यांना चौक-दिंडीचा वाडा वाटला. मी सांगायला पाहिजे होतं, तो वाडा नव्हे म्हणून, यांना निराळ्या वाड्यावर जायचं होतं म्हणून. मी ढकलगाडीचं चाक अडलं होतं ते पायानं सरळ केलं, आणि त्या आबांना आत घेऊन गेल्या.