दीक्षाच्या लग्नाची सीडी

गणपती कांबळ्यांना गल्लीत सगळे गणपतराव म्हणतात. त्यांची सगळी नोकरी शहर बसच्या वर्कशॉपात फिटर म्हणून गेली. जे यंत्र खोलता येतं, ज्यात दात्याला दाता लागतो, ते त्यांना कळायचं. घरातलं मात्र काही धड उमगत नसे. कुठल्या पाहुण्याचं कुणाशी बिनसलंय, मिक्सरला तीन-तीन भांडी कशाला, सगळं ते बायकोला, शालूबाईंना विचारत. निवृत्त झाल्यावर तर विचारायला दिवसभर सवड मिळाली.

या हिवाळ्यात त्यांची थोरली बहीण बायडाबाई कोडोलीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी राजारामपुरीतल्या दवाखान्यात आली आणि नंतर भावाकडेच राहिली. डोळ्यावरची पट्टी निघाली, दोन दिवस तिनं खिडकीतून रिक्षा बघितल्या, आणि मग म्हणाली, "गणू, आता दिसतंय चांगलं. दीक्षाचं लगीन दाव मला."

दीक्षा ही गणपतरावांची एकुलती एक लेक. तिच्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. लग्नाच्या वेळी बायडाबाई खुबा मोडून अंथरुणावर होती. ज्या भाचीला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं, तिच्या अंगावर फुलं टाकायला ती नव्हती. शूटिंगची सीडी घरात होती, पण ती आजवर कुणीच बघितली नव्हती. दीक्षा पुण्याला गेली, त्यातच टीव्ही बदलला, फोटोंचा अल्बम होताच. सवडीनं बघू म्हणता म्हणता राहून गेलं.

गणपतरावांनी कपाटावरून प्लेअर काढला. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला होता. लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी टीव्हीला जोडल्या. डब्यातून सीडी काढली. तिच्या एका बाजूला दीक्षा-प्रसेनजीत असं नाव आणि गुलाबाचं फूल छापलेलं, दुसरी बाजू कोरी, चकचकीत. त्यांनी विचार केला. जिकडं छापलंय तिकडंच मशीन वाचणार. कोऱ्या बाजूला वाचायला काय आहे? फूल खाली करून त्यांनी सीडी आत सरकवली.

प्लेअरनं कुरकुर केली आणि पडद्यावर अक्षरं आली, नो डिस्क.

"काय म्हणतंय?" बायडाबाईनं विचारलं.

"आत सीडी न्हाय म्हणतंय."

"आत्ता घातलीस की."

"मीबी तेच म्हणतोय."

उलटी करून घातल्यावर सुरुवातीची फुलं आली, पण नावं यायच्या आधीच चित्र चौकटी चौकटी होऊन थिजलं. मग गणपतरावांनी ओला पंचा घेतला आणि सीडी गोल गोल घासली. "तवा हाय व्हय त्यो?" शालूबाई आतून ओरडल्या. पुसल्यावर पहिल्यापेक्षा आधीच थिजलं. तिसऱ्या खेपेला भलत्याच फुलावर. एकच बिघाड दर वेळी जागा कसा बदलतो, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी प्लेअर आणि सीडी पिशवीत घालून ते राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले.

दुरुस्तीवाल्यानं प्लेअर खोलून आतली धूळ साफ केली. मग सीडी उजेडात धरली.

"काका, कशानं घासलीसा?"

"पंच्यानं."

"गोल पुसायची न्हाय. मऊ कापूस घ्यायचा, आन मधनं कडंला सरळ न्यायचं. धरतानाबी कडंला धरायची, चकचकीत बाजूला बोट लावायचं न्हाय. तीच बाजू वाचतंय मशीन."

"सुई लागते न्हवं तिला?"

"सुई न्हाय. उजेडाचा ठिपका पडतोय खालनं."

"म्हंजे शिवत न्हाय?"

"अजिबात न्हाय."

"मग त्याला कळतंय कसं?"

दुरुस्तीवाला हसला. "कळतंय खरं. डब्यात उभी ठेवा आन उन्हात टाकू नगा."

न शिवता वाचतंय, हे घोकत गणपतराव घरी आले. संध्याकाळी बायडाबाई नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसली. शालूबाईंनी चहा आणला. सीडी कडेला धरून, फूल वर ठेवून, गणपतरावांनी आत सरकवली. या वेळी चित्र आलं आणि टिकलंही. फुलं गरगरली, आणि पडद्यावर नावं आली, तोहिद आणि शबनम.

बायडाबाईनं डोळे बारीक केले.

"गणू, हे कुणाचं लगीन?"

"आपलंच की. हॉल आपलाच हाय. त्यो निळा पडदा बघ."

"मग ही दाढीवाली पावणं कोण? आन दीक्षा कुटं हाय?"

गणपतरावांनी डबा बघितला. डब्यावर दीक्षा, सीडीवर दीक्षा, आणि पडद्यावर मुंडावळ्यांऐवजी फुलांचा सेहरा बांधलेला एक मुलगा खुर्चीवर लाजत बसलेला. कॅमेरा जेवणाच्या पंगतीवरून फिरू लागला. आणि शालूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"अवं, ह्ये तुम्ही!"

खरंच ते होते. काळ्या केसांचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. ताटात बिर्याणी, आणि टोपी घातलेला एक माणूस आग्रहानं आणखी वाढतोय. पडद्यावरचे गणपतराव नको नको म्हणत होते आणि खातही होते.

"तू तितं काय करतूस?" बायडाबाई म्हणाली.

"मला काय ठावं! मी न्हवतो गेलो."

"दिसतोयस की."

त्यांनी तो भाग पुन्हा लावला. पुन्हा तेच गणपतराव जेवले. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की डोक्यावर, हे त्यांना ठरवता येईना. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. शालूबाई म्हणाल्या, "आज भूक न्हाय व्हय? तितं बरं जेवलासा."

सीडीत हॉलच्या दारावर एक फलक दिसला होता, बागवान परिवार आपले स्वागत करीत आहे. बागवान म्हणजे फळवाले, तेवढ्या धाग्यावर दुसऱ्या दिवशी गणपतराव बहिणीला रिक्षात घालून फळबाजारात गेले. पेरू विकणाऱ्या एका बाईला विचारलं, तोहिद बागवान कुठं राहतो. तिनं हात केला तो थेट पलीकडच्या गल्लीतल्या हिरव्या दाराकडे.

दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. तिनं गणपतरावांकडे बघितलं, मग तोंडावर हात ठेवला.

"या अल्ला! दीक्षाचे अब्बा!"

गणपतराव दारातच थिजले. या बाईला त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं.

"आत या की. अवो, कोण आलंय बघा!"

ती बिबीजान, तोहिदची आई. आतून तिचा नवरा इलाही आला, तोच टोपीवाला, आता पुरता पांढरा झालेला. बसल्यावर हळूहळू उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये तोहिदच्या लग्नाचं जेवण होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाचं लग्न. शूटिंगवाला एकच. त्यानं नावं छापताना सीडींची अदलाबदल केली. बागवानांना ते लगेच कळलं, पण तोवर त्यानं दुकान बंद करून गाव सोडलं होतं, आणि दीक्षाचं घर कुठं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आन मी तुमच्यात जेवलो कसा?" गणपतरावांनी विचारलं.

"आचाऱ्याकडं तांदूळ पोच करायला आलतासा की," इलाही म्हणाला. "दारात हुबं हुतासा, घामाघूम. म्या हात धरून बसवलं."

"मला कायबी आठवत न्हाय."

"लेकीचं लगीन हुतं उद्यावर. कसं आठवंल?" बिबीजान म्हणाली.

तिनं ट्रंकेतून डबा काढला. सीडीभोवती मलमलीचा तुकडा होता. कडेला धरून तिनं ती प्लेअरमध्ये घातली, चकचकीत बाजूला बोटसुद्धा न लावता. "परक्याची अमानत हाय म्हणून जपली," ती म्हणाली. "तोहिदचं बघायला मिळना, म्हणून एकदा हेच लावलं. मग लावतच गेले."

पडद्यावर पांढऱ्या साडीतली दीक्षा आली. त्रिशरण सुरू झालं. बायडाबाई पुढं सरकून बसली. ती काही विचारायच्या आतच बिबीजान सांगू लागली. ही नवरीची मावशी, हिचा चपलेचा जोड हरवला. हा बारका भाचा, आता फुलं टाकायच्या आधीच संपवतोय बघा. गणपतरावांना स्वतःच्या नात्यातली माणसं ही परकी बाई ओळखून दाखवत होती, त्यांतली दोन तर त्यांनाही ओळखू आली नाहीत.

पाठवणीची वेळ आली. पडद्यावरचे गणपतराव हॉलच्या खांबाला टेकून वर पंख्याकडे बघत होते.

"दरवेळी हितं मला रडू येतं," बिबीजान म्हणाली. "मला लेक न्हाय. तुमची लेक किती डाव सासरी धाडली मी!"

बायडाबाईनं तिचा हात धरला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ते आता कोण ऐकतंय. गणपतरावांना हसावं की रडावं कळेना. आपलं दुःख परक्या घरात इतकी वर्षं सांभाळलं जात होतं, आणि आपल्याला त्याची गंधवार्ता नव्हती.

निघताना त्यांनी तोहिदची सीडी पुढं केली. बिबीजाननं ती छातीशी धरली, पण दीक्षाची परत देताना तिचा हात अडखळला. ते बायडाबाईला आधी दिसलं. ती म्हणाली, "गणू, ऱ्हाऊ दे हितंच. तुझ्या हातात चऱ्यांनीच भरंल." तेवढ्यात कामावरून आलेल्या तोहिदनं दोन्हीच्या नकला पेन ड्राइव्हवर काढून दिल्या.

मे महिन्यात दीक्षा मुलांना घेऊन माहेरी आली. फोनवर वडिलांनी तिला काहीतरी सांगितलं होतं, पण सीडी, बिर्याणी, बागवान यांची सांगड तिला लागली नव्हती. दुसऱ्याच दिवशी बिबीजान आंब्याची पेटी घेऊन दारात हजर झाली, आत येऊन तिनं दीक्षाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं!"

दीक्षा गोंधळून वडिलांकडे बघत राहिली. "बाबा, ह्या कोण?"

गणपतरावांनी नेहमीसारखं शालूबाईंकडे बघितलं.