चंदनाचा हार उतरवणारे म्हसकर साहेब

आदरणीय म्हसकर साहेबांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, आणि भांडण मी केलं होतं. साहेबांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथात असं लिहावं का, असं मी संपादकांना विचारलं. "खरं असेल तर लिहा," म्हणाले. तेव्हा खरंच सांगते.

मी आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. सुट्टीच्या दिवशी कापड घ्यायला उल्हासनगरला गेले. वाटेत टेकचंदजींचं कॅसेटचं दुकान. तिथल्या काचेच्या कपाटात रोज एका कलाकाराचा फोटो लागे. ज्याचा त्या दिवशी जन्म, त्याचा. कलाकार हयात असेल तर फोटोपाशी ताजा गुलाब, नसेल तर फोटोला चंदनाचा हार. ही सगळी हौस म्हसकर साहेबांची. साहेब अंबरनाथला रसायनांच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. ड्युटी संपली की घराआधी दुकानात हजर. त्या दिवशी फोटो माझ्या वडिलांचा होता, आणि त्याला चंदनाचा हार होता.

आमच्या आप्पांना मी सकाळीच चामटोलीच्या घरी भाकरी वाढून निघाले होते. माझं डोकंच फिरलं. "माझ्या बापाला कोणी मारलं?" असं मी भर दुकानात विचारलं. साहेबांचा चेहरा उतरला, पण त्यांनी सबब सांगितली नाही. बाजारात कोणीतरी 'वो तो गुजर गये' म्हणालं आणि आपण खातरजमा केली नाही, एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या हाताने हार उतरवला. टेकचंदजी मला पाणी देत म्हणाले, "बेटी, गुस्सा नको करू. मरने की झूठी खबर आली ना, तर उमर बढ़ती है."

खरं सांगायचं तर मला साहेबांपेक्षा परिस्थितीचाच राग आला होता. आप्पांनी पंचवीस वर्षं सिनेमाच्या गाण्यांत अकॉर्डियन वाजवलं. मग सिंथेसायझर आले आणि आप्पांना बोलावणी येईनाशी झाली. अकॉर्डियन माळ्यावर गेलं आणि आप्पा दिवसचे दिवस बोलेनासे झाले. हार चुकीचा होता, पण अगदीच चुकीचा नव्हता, हे मला झोंबलं.

माझ्याकडून पत्ता घेऊन त्याच संध्याकाळी साहेब गुलाबासह आमच्या दारात उभे. त्यांनी सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता आप्पा पुरते खचणार. आप्पांनी विचारलं, "हार चंदनाचा होता?"

"हो."

"मग मान राखलात. धंद्यातल्या लोकांनी झेंडूचासुद्धा घातला नसता." आणि आप्पा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

मग साहेबांनी आपली वही उघडली. कॅसेटच्या कागदावर गायक, संगीतकार, गीतकार. वाजवणाऱ्याचं नाव छापतो कोण? साहेबांनी जुन्या वादकांच्या मागे लागून ती नावं जमवली होती. आप्पांच्या नावाखाली अकरा गाणी होती.

"अकरा नाही, चौदा. लिहून घ्या," आप्पा म्हणाले. एका गाण्याचा तुकडा सांगताना ते अडले आणि मला म्हणाले, "सुनंदा, काढ गं ते खाली." काढलं, तर नुसती हवा बाहेर आली. आप्पांनी ते बाजूला सारलं. साहेब शांतपणे म्हणाले, "भाता फाटलाय मास्तर, बोटं शाबूत आहेत."

पुढचे तीन रविवार साहेब आमच्या ओटीवर कातड्याची ठिगळं आणि सरस घेऊन बसले. पहिल्या रविवारी सरस धरेना, दुसऱ्या रविवारी सूर चिरका निघाला. तिसऱ्या रविवारी आप्पांनी तो अडलेला तुकडा सबंध वाजवला. मी चुलीपाशी रडत होते, हे आज सगळ्यांदेखत कबूल करते.

त्या चुकीनंतर साहेबांनी एक शिस्त लावून घेतली. वाढदिवसाच्या महिनाभर आधी त्या कलाकाराला पोस्टकार्ड टाकायचं. 'आपण हयात आहात का?' असं कसं विचारणार? म्हणून लिहायचे, 'तब्येत कशी आहे?' उत्तर आलं तर गुलाब. नाही आलं तर साहेब पत्ता शोधत स्वतः जायचे. अशाने दोन व्हायोलिनवाले आणि एक ढोलकीवाले पुन्हा घराबाहेर पडले. पत्ते लिहायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, ते आजतागायत माझ्याकडेच आहे. माझं अक्षर वाईट आहे, हे साहेब दरवेळी न चुकता सांगतात.

आप्पा त्यानंतर आठ वर्षं वाजवत राहिले. गावातल्या पोरींनासुद्धा शिकवलं. ते गेले तेव्हा साहेबांनी कागदात गुंडाळलेला तोच चंदनाचा हार माझ्या हातात ठेवला. "हा तुम्ही घाला. मी एकदा घाई केली होती," म्हणाले, आणि पाठ फिरवून ओटीवर जाऊन बसले.

साहेब, साठी म्हणजे काही वय नव्हे. आपली प्रकृती ठणठणीत राहो, वहीची पानं वाढत राहोत. यंदा आपल्या नावचं पोस्टकार्ड मीच टाकलंय, त्याच वाईट अक्षरात: तब्येत कशी आहे? उत्तर लवकर धाडा. दरसाल धाडत राहा. काचेच्या कपाटात आपला फोटो लावलाय, आणि गुलाब मी पाण्यात ठेवलाय.